दिवा बंद कावून झाला?

वंदनाताई,

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माणसं तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होती की तुम्ही तिथं असतात तर तुम्हाला नक्की संशय आला असता. कोणीतरी माइकवर म्हणालं, ताई म्हणजे मायेचा झरा. मी मिलिंदकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. माझा नवरा असला तरी तुमचा सख्खा भाऊ, त्याला माहीत होतं की तुम्ही झरा वगैरे काही नव्हतात. तुम्ही दूधवाल्यासमोर दूध मापून घेणाऱ्या. सिलिंडर आलं की काट्यावर चढवायला लावणाऱ्या. पाहुणा 'जेवून आलो' म्हणाला की 'कोणाकडे?' असं विचारणाऱ्या. मला पाहायला अमरावतीहून चांदूर रेल्वेला आलात तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांकडे पाहून हसले. बाकीचे नाव-शिक्षण विचारत होते. तुम्ही विचारलंत, "हासून कावून राह्यली?"

आपण का हसतोय, हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यासमोर हसताना मला एकदा विचार करावा लागायचा.

बडनेरा रोडवरच्या सलीमभाईंच्या गॅरेजात तुम्ही गाड्यांचे दोष शोधायच्या. नवीन गिऱ्हाईक तुम्हाला पाहून समजायचं, ही बाई फोन उचलायला बसलेली असेल. मग तुम्ही स्कॅनर घेऊन त्याच्या स्टिअरिंगखाली वाकायच्या आणि ते बाजूला सरकायचं. त्या यंत्राचीही तुम्हाला खात्री नसायची. स्क्रीनवर 'ऑक्सिजन सेन्सर' असं आलं की बरेच मेकॅनिक सरळ सेन्सर बदलतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, जरा रागानंच. "मशीन एवढंच सांगते का बोंब कोण मारली," तुम्ही म्हणायच्या. "कावून मारली ते नाई सांगत. ते आपल्याले पाहा लागते."

मी मान डोलवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती. तो हिवाळा येईपर्यंत.

त्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते. तुमच्याजवळ राहणाऱ्या सासूबाईंचं कमरेचं दुखणं वाढलेलं, म्हणून दर आठवड्याला सुटी लागली की मी आणि मिलिंद अकोल्याहून अमरावतीला तुमच्याकडे यायचो. गाडी आम्ही जुनी घेतलेली, छोटी, पेट्रोलची. मिलिंदची ठिबकच्या पाईपांची एजन्सी, त्याला तेल्हाऱ्यापर्यंत फिरावं लागायचं, आणि गाडी त्याच्या कामाची होती. फक्त समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असायचा. अकोल्यात त्याच्या एका मित्राचं गॅरेज होतं. मित्रानं सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत लागला. त्यानं पुन्हा बदलला. पुन्हा लागला. मी गाडीत बसले की आधी त्या दिव्याकडे पाहायची आणि विचारायची, रस्त्यात बंद तर नाही ना पडणार? मिलिंद वैतागायचा.

मग एका शनिवारी गाडीत बसले तर दिवा नव्हता. मी म्हटलं, बरं झालं. तो म्हणाला, हो, झालं काम.

त्याच दिवशी मूर्तिजापूरच्या आधी माझं डोकं ठणकायला लागलं. कपाळावर कोणी पट्टा आवळल्यासारखं. थंडी होती म्हणून माझ्या बाजूची काच वर, पाय गार पडू नयेत म्हणून आतली गरम हवा चालू. तुमच्या फाटकापाशी उतरले आणि तिथंच उलटी केली. सासूबाईंना आनंदच झाला, त्यांनी मुलगा की मुलगी याचा अंदाजही बांधून टाकला. तुम्ही दारात उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या. तासाभरात मला बरं वाटलं आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेही तुम्ही पाहिलंत.

असं दर वेळी व्हायला लागलं. येताना डोकं, मळमळ, एकदा तर गुंगी आल्यासारखी मी झोपून गेले आणि मिलिंदला मला हलवून उठवावं लागलं. दिवसांमुळे होतं, सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत होते. पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंना फोन करून कळवलं की मला जमणार नाही.

तुम्ही लगेच उलटा फोन केलात. तब्येत कशी आहे हे नाही विचारलंत. विचारलंत, "घरी असतानी दुखते का डोकं? ऑफिसात दुखते?" मी म्हटलं नाही. "रिक्षात?" नाही. "गाडीत बसल्याबरोबर दुखते का थोड्या वेळानं?" थोड्या वेळानं. "मिलिंदचं दुखते?" मी म्हटलं, त्याचं नाही दुखत. मग तुम्ही विचारलंत की त्याच्या बाजूची काच कशी असते. मला हसू आलं. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, थुंकायला त्याची काच थंडीतही अर्धी खालीच असते, यावरून आमचं नेहमी भांडण. तुम्ही हसला नाहीत. मग म्हणालात, "या रविवारी ये. काचा उघड्या ठेवून ये. थंडी वाजली तं वाजू दे."

नंतर कधीतरी तुम्हीच मला सांगून टाकलंत की तोवर तुमचा संशय माझ्यावर होता. सासूच्या सेवेला यायचं टाळण्यासाठी ही नाटक करते, असं तुम्हाला वाटलं होतं. फाटकाशी उलटी आणि तासाभरात जेवण, हे तुम्हाला पटत नव्हतं. असं कोण कोणाला तोंडावर सांगतं, ताई? मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, माझ्याबद्दलच्या त्या संशयानंच तुम्ही माझ्याकडे इतकं नीट पाहिलंत. बाकी सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि कोणी एक प्रश्न विचारला नाही.

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही अंगणातच उभ्या होत्या. मिलिंदच्या हातातून चाबी घेतली, गाडीत बसलात, चाबी अर्धी फिरवली आणि इंजिन चालू न करता समोरच्या दिव्यांकडे पाहत राहिलात. मी खिडकीशी उभी होते. मला समजेल असं सांगितलंत: चाबी फिरवली की सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत, गाडी आपले दिवे जिवंत आहेत का ते तपासते. तेलाचा लागला, बॅटरीचा लागला. इंजिनाचा लागलाच नाही.

"लागत होता तोवर मले फिकर नव्हती," तुम्ही म्हणालात. मग मिलिंदकडे वळून विचारलंत, "दिवा बंद कावून झाला?"

तो म्हणाला, "बल्ब गेला अशीन."

तुम्ही गाडी तशीच सलीमभाईंकडे नेली आणि आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं. गाडी रात्रभर थंड व्हायला हवी, असं सांगितलंत. मिलिंदला सोमवारी तेल्हाऱ्याला जायचं होतं, तो कुरकुरला. तुम्ही त्याला फोन करून कळवायला लावलंत.

सकाळी मी तुमच्याबरोबर गॅरेजात आले. का आले माहीत नाही, बहुतेक मलाही आता संशय यायला लागला होता, कशाचा ते ठरत नव्हतं. मिलिंद बाहेर टपरीवर उभा होता. तुम्ही स्कॅनर लावून इंजिन चालू केलंत. सेन्सर सांगत होता की धुरात प्राणवायू फार आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. अकोल्याच्या मित्रानं हेच वाचून दोनदा सेन्सर बदलला होता. तुम्ही ॲक्सिलरेटरला एक झटका दिलात. स्क्रीनवरचा आकडा चट्कन वर उडाला आणि खाली आला. "हा तं चांगला जिवंत हाये," तुम्ही म्हणालात. "याले कायले मारून राह्यले हे लोक?"

मग प्रश्न राहिला की सेन्सरपर्यंत जास्तीची हवा येते कुठून. थंड इंजिनातून टक्‌टक् असा बारीक आवाज येत होता, गरम झाल्यावर तो दबला. तुम्ही इंजिन बंद करून पुन्हा गार होऊ दिलंत, मग सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून कंप्रेसरची हवा हळूच आत सोडलीत, आणि इंजिनाजवळच्या पाईपावरचा पत्रा काढून ब्रशनं साबणाचं पाणी लावलंत. मला जवळ बोलावलंत. पाईपाच्या वळणाशी फेस उठत होता, दूध उतू जावं तसा. पुसल्यावर केसाएवढी चीर दिसली आणि तिच्या कडेनं काजळी.

माझ्या पोटावर माझा हात कधी गेला मला कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही स्टूल ओढून मला बसवलंत आणि मग सांगितलंत. त्या चिरेतून बाहेरची हवा पाईपात शिरत होती. सेन्सर ती हवा पाहून म्हणायचा, पेट्रोल कमी आहे. गाडीचा मेंदू त्याचं ऐकून पेट्रोल वाढवायचा. जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळायचं आणि त्यातून जो विषारी वायू निघतो, ज्याला स्वतःचा वास नसतो, तो त्याच चिरेतून बोनेटखाली पसरायचा. बोनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी केव्हाच निघून गेलेली. आतला पंखा हवा घेतो ती तिथूनच. मी काच लावून, गरम हवा चालू करून, तो वायू अकोला ते अमरावती घेत होते. आणि माझ्याबरोबर आणखी एक जीव.

तुम्ही समोरचं मीटर खोललंत. बल्ब गेलेला नव्हता. पिवळ्या दिव्यावर आतून काळी टेप चिकटवलेली होती, नीट कापून, चौकोनी.

तुम्ही मिलिंदला हाक मारलीत. आवाज चढवला नाहीत. टेप बोटावर धरून दाखवलीत. तो आधी टेपकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, मित्र म्हणाला होता गाडीत काही दोष नाही, नुसता दिवाच त्रास देतो. "अर्चना रोज इचारे, ताई. तिले अशा टायमाले टेन्शन नको म्हणून मीच म्हटलं लाव टेप."

"मी तुले काल इचारलं होतं," तुम्ही म्हणालात. "तू बल्ब म्हटलं."

तो रडायला लागला. मी उठले आणि त्याचा हात धरला. तुम्ही पाठ फिरवून हात धुवायला गेलात. साबण लावून किती तरी वेळ धूत राहिलात.

त्याच दिवशी तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलंत. सोनोग्राफी झाली. ठोके नीट होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज तरी सगळं ठीक दिसतं, पुढे लक्ष ठेवू. तुम्ही त्यांना 'तरी' म्हणजे काय ते विचारलंत. त्या वैतागल्या. पुढचे महिने आपण दोघींनी तो 'तरी' वाटून घेतला. पूर्वा जन्माला आली तेव्हा तुम्ही तिला घेण्याआधी तिची बोटं मोजलीत, तिच्या कानामागे चुटकी वाजवलीत, डोळ्यांपुढून बोट फिरवलंत. नर्स हसली. मी नाही हसले. मलाही तेच करायचं होतं, अंगात ताकद नव्हती.

पण तुम्ही थांबलाच नाहीत, ताई. ती चालायला लागली तेव्हा तुम्ही तिला फरशीच्या रेघेवरून चालायला लावायच्या. बोलायला लागली तेव्हा उलटे आकडे. शाळेत जायला लागल्यावर प्रत्येक वेळी नवं कोडं, पत्ते, लपवलेली गोळी. ती बिचारी खेळ समजायची, आत्याची वाट पाहायची. मला मात्र समजत होतं की तुम्ही काय शोधताय. एकदा ती कोडं सोडवता सोडवता कंटाळून उठली, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. त्या दिवशी मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, माझ्या पोरीला तपासणं बंद करा. ती गाडी नाही.

"तपासत नाई," तुम्ही म्हणालात. "खात्री करून राह्यली."

"झाली का मग?"

ओट्यावर कणीक मळलेली होती, ती उचलून तुम्ही पुन्हा मळायला लागलात. तो वाद तिथंच राहिला. मला तेव्हा वाटायचं, पूर्वात काहीतरी उणं सापडावं अशी तुमची इच्छा तर नाही, म्हणजे मिलिंदवर ठेवलेला राग खरा ठरेल. इतकं वाईट मी तुमच्याबद्दल मनात आणलं. आज तिचे पेपर तपासून येतात, ती वर्गात गणितात पुढे असते, आणि तुम्हाला फोन करून सांगायला तुम्ही नाहीत, तेव्हा वाटतं की तुम्ही नुसत्या भीत होत्या. भीती दिसायला संशयासारखीच दिसते, मला तिथं फरक करता आला नाही.

मिलिंदशी तुम्ही बोलायच्या. जेवायच्या, त्याच्या धंद्याची चौकशी करायच्या, सासूबाई गेल्या तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होतात. पण त्या दिवसानंतर तो चालवत असलेल्या गाडीत तुम्ही बसला नाहीत. आम्ही गाडी बदलली, तरीही नाही. अकोल्याला यायचं तर बडनेऱ्याहून रेल्वेनं यायच्या, स्टेशनवरून रिक्षा करायच्या. तो न्यायला आला तर म्हणायच्या, पिशवी ने, मी येते मागून. शेजारच्या सीटवर नुसती तुमची पिशवी, असा तो घरी यायचा.

मी तुम्हाला एकदा म्हटलं होतं, ताई, आता सोडा, झालं ते झालं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं त्या चिरेकडे पाहत होतात. म्हणालात, "झालं नाई म्हणून तू बोलून राह्यली. झालं असतं तं तू असं म्हटलं असतं का?"

मी म्हटलं, त्यानं माझ्यासाठीच केलं होतं.

"दुसऱ्यासाठी म्हणून जे झाकलं ना त्यानं," तुम्ही म्हणालात, "ते पह्यले सोतासाठी झाकलं. तुह्या तोंडाकडं रोज पाहा लागे त्याले."

तुमचं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. पण मी त्याच माणसाबरोबर राहते, आणि तो तेवढाच नाही. हे तुम्हाला नीट सांगायचं होतं, पुढच्या वेळी आल्यावर.

गेल्या महिन्यात मिलिंद कामानं अमरावतीला आला होता. दुपारी तुम्हाला गॅरेजात कसंतरी व्हायला लागलं, घाम फुटला, डावा हात जड पडला. सलीमभाई एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन बाहेर गेले होते. कारागिरानं मिलिंदला फोन केला, तो जवळच होता. कारागीर सांगतो की मिलिंदनं गाडी थेट दारात आणली, आणि तुम्ही क्षणभर दाराशी थांबलात. मग स्वतःच्या हातानं पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसलात. पट्टाही लावलात.

दवाखान्यात पोचलात तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हता. पुढचं मला लिहायचं नाही.

मी अकोल्याहून आले तेव्हा मिलिंद बाकावर बसला होता. मी विचारलं, ताई काही बोलल्या का गाडीत? तो म्हणाला, "नाई. काहीच नाई बोलली. डोळे मिटून होती." मी ते खरं मानलं. कोणी रडत असताना असं विचारायचं नसतं, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

पण कार्यक्रमाच्या दिवशी सगळे गेल्यावर सलीमभाई माझ्यापाशी आले. म्हणाले, "भाभी, ताईचा फोन आला होता मले. गाडीतून." तुम्ही त्यांना सांगितलं होतंत की लिफ्टवर चढवलेली गाडी कोणाला देऊ नका, तुम्ही उद्या येऊन पाहाल. त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे. तुम्ही म्हणालात, "मिलिंद हाये. बरा चालवून राह्यला."

मी आवाज कसा होता ते विचारलं. सलीमभाई म्हणाले, दमलेला होता, पण रागाचा नव्हता.

म्हणजे तुम्हाला बोलता येत होतं. फोन करता येत होता, उद्याचं काम सांगता येत होतं. आणि बडनेरा रोडच्या त्या गर्दीत बहीण-भाऊ इतका वेळ शेजारी शेजारी बसलेले, मध्ये इतकी वर्षं, आणि एक शब्द नाही? मला पटत नाही, ताई. तो काहीतरी झाकतोय. तुम्ही असतात तर त्याला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला असतात, काच उघडी होती का, आधी कोण बोललं, मग फोन का केला. मलाही ते प्रश्न आता येतात. सलीमभाईंनी काय सांगितलं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

काल जेवताना त्यानं आपणहून सुरुवात केली. पूर्वा उठून हात धुवायला गेली होती. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "ताई म्हणे..." आणि थांबला. त्याचा घास हातातच राहिला.

मी त्याच्या ताटात भाकर वाढली, वर भाजी घातली, आणि पुढचं तोच सांगेल म्हणून विचारलं नाही.